यजमानाला पान लागतं

पेणपासून रोह्यापर्यंत गणपतीचे कान घासता घासता कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. तो प्रोग्राम एकदाच चालला, आणि त्या दिवशी आमच्या कारखान्यातल्या साडेतीनशे गणपतींची मालकीण खांब गावची एकच म्हातारी निघाली.

पण माझं मरू दे. सांगायचंय ते सरांबद्दल.

आमच्या कारखान्याच्या बाजूच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली आम्ही मूर्ती घासायचो, वर त्यांचे कीबोर्ड पांढरे व्हायचे. एक दिवस सर खाली आले, काखेत छत्री, आणि काकीला बोलले, "तुमच्या गणपतींचे कान माझ्या मशीनमध्ये येतायत." काकी म्हणजे आमची मालकीण. नवरा गेल्यापासून कारखाना तीच चालवते, आणि नवरा होता तेव्हा पण तीच चालवायची. तिने माझ्याकडे बोट केलं. "हा घासतो कान. याला घेऊन जा, साफ करून घ्या."

असा मी क्लासमध्ये गेलो. हातात ब्लोअर घेऊन. दर शनिवारी कीबोर्डातली धूळ उडवायची, हे काम. उडवता उडवता मागे उभा राहून ऐकायला लागलो. तिसऱ्या शनिवारी सर बोलले, "उभा का? बस. एबीसीडी येते?"

"क्यूपर्यंत येते."

"शाळा?"

"आठवी. म्हणजे आठवीत गेलो होतो, आठवी माझ्यात आली नाय."

"चालेल. क्यूच्या पुढची इथे शिकशील."

मी पुढच्याच खुर्चीत टेकलो, तशी अख्खी खोली ओरडली. मला वाटलं खुर्ची मोडकी हाय. मोडकी नव्हती, चांगली गुबगुबीत होती, बाकीच्या सगळ्या प्लास्टिकच्या. पण त्या खुर्चीत कोणी बसायचं नाय असा सरांचा कायदा. पहिली खुर्ची कायम रिकामी. फी भरणारा पण नाय, बघायला आलेला बाप पण नाय. एकदा एका पोरीचे वडील बसले, तर सर शिकवायचेच थांबले. मास्तर उभा, वर्ग बसलेला, पंखा फिरतोय. शेवटी त्या माणसाला आपणहून घाम फुटला आणि तो उठला.

का, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

सर पायथन शिकवायचे. पायथनमध्ये क्लास म्हणून एक असतो. क्लास म्हणजे आमचा साचा. साचा एक, त्यातून मूर्ती पाहिजे तेवढ्या. हे मला लगेच कळलं, कारण हे सोडून मला आयुष्यात दुसरं काय कळलेलंच नाय. आता साच्यात कामं लिहून ठेवायची. रंगव, चिठ्ठी लाव, गाडीत चढव. ही कामं मूर्तीला सांगायची असतात, साच्याला नाय. मग साच्यात लिहिताना "जी कोणती मूर्ती असेल ती" हे कसं लिहायचं? तर कामाच्या कंसात पहिली जागा तिच्यासाठी धरायची. तिथे लिहायचं 'सेल्फ'. ज्या मूर्तीला हाक माराल, ती आपसूक त्या जागेवर येऊन बसते. तुम्ही तिला पाठवायची नाय.

इथे सगळ्यांची गाडी अडायची. कंसात दोन नावं लिहिली, मग हाक मारताना एकच का द्यायचं? पोरं दोन द्यायची, मशीन बोंबलायचं, तीन कुठून आले म्हणून.

सर फळ्याला पाठ टेकून बोलायचे, "पंगतीला दोघांना बोलावलंस. पानं किती मांडशील?"

"दोन."

"आणि घरचा यजमान? उपाशी?"

"तीन."

"यजमानाला आमंत्रण लागत नाही. पण पान लागतं."

आणि रिकाम्या खुर्चीकडे हात करायचे. ते यजमानाचं पान. हे वाक्य मी सरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मी खरंच एक पान जास्त मांडलं. तिथे नवरदेवाचा मामा बसला आणि दोनदा जेवला.

सर राहायचे रोह्याला. सकाळी गाडीने यायचे, संध्याकाळी गाडीने जायचे. आधी कुठल्याशा कंपनीत होते, कुठल्या ते कधी बोलले नाय. छत्री बारा महिने. छत्रीच्या कापडावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: 'ही ज्याच्या हातात आहे त्याची नाही.' एकदा मी बोललो, "सर, आता तुमच्याच हातात हाय की." सरांचं त्या दिवशी शिकवण्यात लक्ष नव्हतं. दोन दिवसांनी आले तर वाक्यावर काळा रंग मारलेला. मला एवढा आनंद झाला, की आपण मास्तरला पकडलं! दुसऱ्या आठवड्यात माझीच छत्री चोरीला गेली आणि सर बोलले, "काहीतरी लिहायचं होतंस."

फोन उचलून कधी स्वतःचं नाव सांगायचे नाय. "हॅलो, कोण?" केलं की, "ज्याला फोन केलास तो." कट. पुन्हा लावा. "सर हायत का?" "ज्याला लावलास तोच उचलतो. हेच तर तीन महिने शिकवतोय."

आणि त्यांची शिक्षा. सेल्फच्या जागी दुसरं काय लिहिलं, तर त्या माणसाला आठवडाभर त्याच नावाने हाक. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करून क्लासला येणारा एक जण होता, झोपेत त्याने लिहिलं 'एक्स'. मग "एक्स, खिडकी लाव", "एक्स, उद्या लवकर ये". खाली टपरीवाला पण त्याला एक्सशेठ बोलायला लागला. बिचाऱ्याने पुन्हा कधी सेल्फ सोडलं नाय.

माझं डोकं वेगळं. मी मुद्दाम लिहिलं 'राजा'. आठवडाभर सर मला राजा बोलत होते! आमच्या खानदानात असं कुणी कुणाला बोललेलं नाय. पुढच्या आठवड्यात 'साहेब' लिहिलं. सर गंभीर तोंडाने बोलले, "साहेब, ब्लोअर आणा." मग 'हिरो'. तेव्हा सरांच्या लक्षात आलं की हा शिक्षा नाय, नाश्ता समजून खातोय. बोलले, "आजपासून तुझं नाव कान. काहीही लिहिलंस तरी कान." ते नाव अजून हाय. माझी बायको पण भांडताना तेच वापरते.

आमचं भांडण पण त्याच दिवशी झालं. चूक सरांची, ते खरं बोलून बसले. कुणीतरी विचारलं, "सर, सेल्फच लिहायला पाहिजे असा नियम हाय का?" सर बोलले, "नाही. मशीनला काही पडलेलं नाही. पहिल्या जागेवर कुठलंही नाव चालतं. सेल्फ ही रीत आहे."

मी उठलोच. "म्हणजे तीन महिने आमची चंपी कशाला चाललीय? मशीनला चालतं, तर तुमच्या बापाचं काय जातं?" बाप शब्द तोंडातून गेला. मला पोचवायचा नव्हता, पण तो पोचला.

सर चिडले नाय. बोलले, "पानात मीठ कुठे वाढतात?"

"डावीकडे, वर."

"नियम आहे?"

"नाय."

"उजवीकडे वाढलं तर चालतं?"

"पोटाला काय कळतंय?"

"पोटाला नाही कळत. पण वाढणाऱ्याला खाली न बघता वाढता येतं."

मी बोललो, "मला बीपी हाय, मी मीठ खातच नाय." आणि ब्लोअर घेऊन खाली आलो. केवढा विजय! जिना उतरताना छाती फुगलेली. खाली आल्यावर आठवलं, ब्लोअर क्लासचा होता.

पुढे सरांचे डोळे अधू व्हायला लागले, क्लास बंद केला. सामान विकलं, त्यातला एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर काकीने घेतला. पहिली खुर्ची मात्र खाली आणून आमच्या कारखान्यात ठेवली, मला बोलले, "ही तुझ्याकडे. बसू नकोस. आणि काही लिहिलंस, तर चालवायच्या आधी मला दाखव."

खुर्चीत मी बसलो नाय. दाखवायचं तेवढं राहिलं.

झालं काय, काकीकडे बुकिंगची वही असते. मूर्तीचा नंबर, समोर नाव, गाव, आणि कुणाला काय पाहिजे. आमच्याकडे नुसतं गणपती द्या असं कोणी बोलत नाय. एकाच्या घरात पितांबर पिवळाच, एकाच्या घरात उंदीर डाव्या अंगालाच, एकाला सोंडेवर नक्षी नको कारण आजोबांना आवडायची नाय, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. ती वही काकीच्या अक्षरात, काकीलाच वाचता येणार. मी बोललो, "काकी, यंदा वही बंद. मी मशीनवर करतो. नंबर टाकला की चिठ्ठी बाहेर. फक्त मला कानावरून काढ आणि टेबलावर बसव."

पस्तीस वर्षांचा घोडा मी. दहा वर्षं कान. साडेतीनशे गुणिले दोन, दर साल. मला टेबल पाहिजे होतं, खिशाला पेन लावून बसायला.

काकी माझ्याकडे बघत राहिली. "बरोबर निघालं तर टेबल तुझं. चुकलास तर टेबल पण नाय आणि कान पण नाय. उद्यापासून दारात दिसायचं नाय."

बरं बोललो. काकीकडून वही वाचून घेऊन सगळी नावं भरली, आणि प्रोग्राम लिहिला. दहा कामं, आणि प्रत्येकात पहिल्या जागेवर माझं मन मानेल ते नाव. एकात राजा, एकात साहेब, एकात हिरो, एकात बाप्पा. बघायला कोण होतं? मशीनला तर चालतंच.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी चिठ्ठ्या छापल्या. साडेतीनशे. नंबर बघून बघून प्रत्येक पाटाला मीच चिकटवल्या. नाव वाचलं नाय. मला वाचायला वेळ लागतो, आणि मशीनने लिहिलेलं परत काय वाचायचं?

नऊ वाजता पनवेलहून पहिला टेम्पो आला. काकीने चाळीस नंबर काढला, चिठ्ठी वाचली. "खांब? तुम्ही पनवेलचे ना?" मग एकेचाळीस. खांब. बेचाळीस. खांब. काकी चालत गेली, रांगेच्या रांगा. प्रत्येक गणपतीवर एकच नाव. खांबच्या आत्याचं.

खांबची आत्या म्हणजे दर साली शेवटची बुकिंग करणारी बाई. सत्तरीची. यंदा पण शेवटचं नाव तिचंच.

सगळं काम थांबलं. डोळे आखणारा आमचा दादा ब्रश हातात धरून माझ्याकडे बघायला लागला.  काकी बोलत नाय तेव्हा प्लास्टर पण सुकायचं थांबतं.

मी फोन लावला.

"हॅलो, सर?"

"ज्याला लावलास तो."

"सर, मी..."

"मी कोण?"

"कान."

सगळं सांगितलं.  सर बोलले, "एसटीने येतो. तोवर हात लावू नकोस. कशालाच."

दोन तास. दारात माणसं वाढत चाललेली, टेम्पो रस्त्यावर आडवे. काकी एकेकाला चहा देत सांगतेय, "जरा रंग ओला हाय." अकराच्या सुमाराला खुद्द आत्या आली, डोक्यावर पाट घेऊन. तिला कुणीतरी सांगितलं. तिने कारखानाभर नजर फिरवली.

"सगळे माझे? बरं गो. एवढे नेते कशी? टेम्पो बोलवा."

"आत्या, मशीनची चूक झाली," मी बोललो.

"मशीनची कशी? मशीन माझ्या वळखीचं नाय. तू हायस."

आणि जाऊन बसली कुठे, तर त्या खुर्चीत. मी धावलो. "आत्या, तिथे नको, उठ, ती सरांची..." ती काय उठतेय. तेवढ्यात सर दारात. काखेत छत्री, एक डोळा लाल. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मी मनात बोललो, गेलं, आता हा माणूस इथेच मुका उभा राहणार.

सर बोलले, "बसू दे. आज यजमान त्याच आहेत."

मग टेबलाशी बसले आणि माझा प्रोग्राम वाचला. मनात नाय, मोठ्याने. डोळ्यांना त्रास म्हणून बोलले, पण मला माहीत हाय. "पहिलं काम: राजा. दुसरं काम: साहेब. तिसरं काम: हिरो." अख्खा कारखाना ऐकतोय, पनवेलवाले ऐकतायत. दादा मागून बोलला, "हिरो कोण रे? हा?" रंगवणाऱ्या पोरी पदर तोंडात कोंबून हसतायत.

चूक काय होती, तर एवढीशी. चिठ्ठी छापायचं काम मी दुसऱ्या कामातून उचलून चिकटवलं होतं. वर पहिल्या जागेवर नाव बदलून 'राजा' केलं, आणि आतल्या नाव-गावाच्या ओळीत जुनं 'बाप्पा' तसंच राहिलं. मशीनने खरं तर विचारायला पाहिजे होतं, बाप्पा कोण? पण बाहेर यादी भरताना पण मी बाप्पाच लिहिलेलं, आणि यादीतला शेवटचा बाप्पा तिथे ठाण मांडून बसलेला. मशीन मूर्ती कुठलीही असू दे, त्यालाच जाऊन विचारत होतं, तू कुणाचा? आणि तो दर वेळी सांगत होता, खांबच्या आत्याचा. सगळीकडे सेल्फ असतं, तर कुठून उचलून कुठेही चिकटवलं तरी आतलं-बाहेरचं जुळलं असतं.

मी बोललो, "सर, एकच ओळ हाय. ती बदला, चिठ्ठ्या काढू."

"नाही. सगळी नावं बदलणार."

"सर, बाहेर बघा! माणसं मारतील मला!"

सर माझ्याकडे वळले. "कान घासून झाले की काय करतोस?"

"पाटाच्या मागे पेन्सिलीने फुली मारतो."

"कोणासाठी?"

"दादासाठी. फुली बघितली की तो डोळे आखायला घेतो."

"एक दिवस फुली, एक दिवस गोल, एक दिवस स्वतःचं नाव लिहिलंस तर?"

माझ्याआधी दादाच बोलला, "कानफटात देईन."

"गणपतीला फरक पडेल?"

"गणपतीला काय पडतंय? मला पडेल ना!" दादा बोलला.

"तसं," सर बोलले. "मशीनला काही पडलेलं नाही. पण आज मशीनच्या मागून मी आलो. मी तुझा दादा." आणि एक एक नाव काढायला लागले. राजा गेला. साहेब गेले. हिरो गेला. प्रत्येकाच्या जागी सेल्फ. पाऊण तास. एका डोळ्याने, नाक स्क्रीनला टेकवून. मी मागे उभा. माझी अख्खी गादी एकेक पायरी खाली येत होती आणि मला टाळ्या वाजवायला पण कोणी नव्हतं. आत्या खुर्चीतून बोलली, "मास्तर, सावकाश करा. तोवर सगळे माझेच हायत."

नवीन चिठ्ठ्या निघाल्या. सर प्रत्येक मूर्तीपुढे उभे राहून नाव वाचायचे, काकी मान हलवायची, मग मी चिकटवायचो. साडेतीनशे. शेवटची मूर्ती आत्याची. आत्याने आपला एकच गणपती पाटावर घेतला आणि जाताना बाकीच्यांकडे वळून बघितलं, जरा जड मनानेच. सर चहा पण न घेता छत्री घेऊन गेले.

काकी बोलली, "मास्तर होते म्हणून दारात हायस."

"आणि टेबल?"

"मास्तरांनी लिहिलेलं काय कामाचं? तू परत लिही. मास्तर पास बोलले तर टेबल."

म्हणून दिवाळी झाल्यावर मी नवीन प्रोग्राम लिहून रोह्याला गेलो. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेले. बोलले, "वाच." मी ओळन्‌ओळ वाचली, दुपारभर. प्रत्येक कामाच्या पहिल्या जागेवर सेल्फ. राजा नाय, साहेब नाय. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कुठल्या कामात मी नव्हतो, आणि मला वाटत होतं, आता बघा.

वाचून झालं.  सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"सेल्फ सगळीकडे बरोबर आहे," ते बोलले.

माझी छाती ओट्याच्या बाहेर गेली. "मग काकीला काय सांगू सर? टेबल?"

"बाकी सगळं चुकलंय. जा, कान घास."